गटारीला जो कोंबडा विकत नाही, त्याच्यावर वंश चालतो

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बोरिवलीला राहता, गोराईला सासऱ्यांची ११ गुंठे जागा आहे, दोन वर्षांपूर्वी ‘प्युअर गावरान’ म्हणून ५० पिल्लं आणलीत. पहिल्या वर्षी अंड्यांनी टोपल्या भरल्या, पण एकही कोंबडी खुडूक (अंडी उबवायला) बसेना, म्हणून ६० अंड्यांचं उबवणीचं मशीन घेतलंत. पावसाळ्यात ६० अंड्यांतून २२ पिल्लं निघाली. ती मोठी झाली तर एक तांबडी, एक कबरी, एक पांढरी, कुणी दीड किलोची, कुणी पाऊण किलोची, आणि अंडी आयांच्या निम्मीसुद्धा नाहीत. आता विचारताय, मशीन बदलू, खाद्य बदलू, की सगळं मोडून कडकनाथ आणू?

मशीन आलं, खाद्य आलं, कडकनाथ आला. एवढ्या लांबलचक प्रश्नात कोंबडा मात्र एकदाही आला नाही. किती आहेत, कुठून आणले, कोणत्या कोंबडीचे, काहीच नाही. मला तुमची खरी अडचण तिथे दिसते. पण आधी मशीनचं आणि जातीचं बोलू, कारण तुमचा पैसा तिकडे अडकलाय.

मी मनोरीला राहते. सासूबाईंच्या हातून खुराडं माझ्याकडे आलं त्याला २६ वर्षं झाली. दुकान नाही, फार्मही नाही. ३० ते ४० पक्षी, घरची अंडी, सणावाराला थोडी विक्री. तेव्हा हजार पक्ष्यांच्या धंद्याचे प्रश्न मला विचारू नका.

जातीचं असं आहे. तुमच्या वर्णनावरून पिल्लं गावरान नव्हतीच. गावरानासारखी दिसणारी, रंगीत पिसांची, सुधारित संकरित पिल्लं असणार. त्यांच्यातली गिरिराजा बंगळूरच्या विद्यापीठाने काढली, वनराजा आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने. परसात पाळायला हे पक्षी चांगले आहेत, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण ते वेगवेगळ्या वंशांच्या मिलाफातून काढलेले. आपल्याकडे येते ती पहिली पिढी एकसारखी असते. तिच्यातच नर-मादी जोडून पुढची पिढी काढली की आजोबा-पणजोबांचे गुण वाटेल तसे वर येतात. हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही, हे गोराईत कुणाला समजावून सांगायला नको. तुमची एक तांबडी, एक पांढरी ती अशी. खाद्याचा त्यात काडीचा दोष नाही.

खुडूक न बसण्याचंही कारण तेच. खुडूक बसलेली कोंबडी अंडी घालत नाही. २१ दिवस ती उबवणार, मग दीड-दोन महिने पिल्लं घेऊन फिरणार. म्हणजे एका वेळेला ८० दिवस गेले. वर्षातून तीनदा बसली तर २४० दिवस संपले. गावठी कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देते म्हणून लोक नाक मुरडतात, पण हा हिशेब कुणी मांडत नाही. जास्त अंडी हवी म्हणून माणसाने खुडूक बसणाऱ्या कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या बाजूला काढल्या आणि बसण्याची सवयच वंशातून घालवली. तुमच्या कोंबड्यांना आता अंधारात ठेवा, डालग्याखाली कोंडा, त्या बसणार नाहीत.

मग त्यांचं करायचं काय? हे तुम्ही कशासाठी पाळताय यावर आहे. फक्त घरची अंडी हवी असतील तर काहीच बिघडलं नाही; दीड-दोन वर्षांनी नवी पिल्लं आणायची आणि वंशाच्या भानगडीत पडायचंच नाही. पण तुम्ही लिहिलंय, ‘सासऱ्यांच्या लहानपणी होत्या तशा कोंबड्या पुन्हा अंगणात पाहिजेत.’ तसं असेल तर या कोंबड्यांची अंडी खा, विका, पण उबवू नका. वंश वेगळा उभा करा.

आता मशीन. ६० अंड्यांतून २२ पिल्लं निघाली म्हणजे मशीन वाईट, असं लगेच म्हणता येत नाही. उरलेली ३८ अंडी तुम्ही फेकून दिलीत ना? तीच बघायची असतात. माझी पहिली मशीनची खेप जुलैची होती. ५६ अंडी, १९ पिल्लं. रडायला आलं होतं. मग उरलेली ३७ अंडी मोरीत नेऊन एकेक करून फोडली. नाकाला पदर बांधून, पण फोडली. ७ अंड्यांत काहीच नव्हतं, नुसता बलक. म्हणजे बहुधा फळलीच नव्हती, तो दोष शक्यतो कोंबड्याचा. ५ अंड्यांत रक्ताचं कडं होतं. जीव धरला आणि पहिल्या आठवड्यात गेला. असं बहुधा अंडी जुनी झाल्याने किंवा तापमान वरखाली झाल्याने होतं. राहिलेल्या २५ अंड्यांत पूर्ण वाढलेलं पिल्लू होतं, पिसांसकट, चोचीसकट. ओलं, सुजल्यासारखं, आणि कवचात बुळबुळीत पाणी. ती पिल्लं अंड्यातच बुडून मेली होती.

चूक माझी होती. मशीनच्या कागदावर लिहिलं होतं, दोन्ही कप्प्यांत पाणी भरा. मी इमानेइतबारे भरत होते. कागद लिहिणाऱ्याने मनोरीचा जुलै पाहिला नसावा. अंड्यातलं पाणी कवचातून हळूहळू उडायला हवं, तरच बोथट टोकाकडे हवेची पोकळी मोठी होते आणि पिल्लाला पहिला श्वास तिथे घेता येतो. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण १२ टक्क्यांनी घटलं पाहिजे. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या घरात असते. ती २८ अंशांची हवा मशीनमध्ये साडेसदतीस अंशांवर तापली, तरी एक थेंब पाणी न घालता आत ५० टक्के दमटपणा राहतो. वर पाण्याचे दोन कप्पे भरले की संपलं. उलट जानेवारीतल्या कोरड्या दुपारी, बाहेर ४० टक्के असेल तर आत २५-३० टक्केच भरते. तेव्हा पाणी हवंच, नाहीतर पिल्लू चोच बाहेर काढून पापुद्र्याला चिकटून मरतं.

तेव्हापासून मी कागद पाळत नाही, वजन पाळते. १० अंडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकत्र तोलायची. पहिल्या दिवशी ४५० ग्रॅम भरली तर अठराव्या दिवशी ३९५ च्या आसपास हवीत. सातव्या आणि चौदाव्या दिवशी तोललं की वाट बरोबर चाललीय का ते कळतं. वजन फारच कमी घटत असेल तर पाणी बंद, भराभर घटत असेल तर एक कप्पा भरा. शेवटचे तीन दिवस मात्र पाणी भरायचं आणि झाकण उघडायचं नाही, घरातली मुलं कितीही मागे लागली तरी. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी लावू नका, आणि लावेपर्यंत टोकदार बाजू खाली करून सावलीत ठेवा. फ्रिजच्या दारात नको.

खरं सांगायचं तर २०-२५ पक्ष्यांसाठी मला मशीनपेक्षा खुडूक कोंबडी बरी वाटते. ती दमट-कोरडं स्वतःच सांभाळते. पिसं फुगवून बसली, जवळ गेलं की गुरकावून चोच मारते, पोटाखालची कातडी उघडी पडून गरम लागते, म्हणजे बाई तयार आहेत. रात्रीच्या अंधारात तिला भाताच्या पेंढ्यावर टोपलीत बसवायचं, खाली १० ते १२ अंडी. अंड्यांवर पेन्सिलीने खूण करायचीच, कारण दुसऱ्या दिवशी शेजारीण येऊन त्याच टोपलीत आपलं ताजं अंडं घालून जाते. दिवसातून एकदा ती १५-२० मिनिटं उठते, दाणे खाते, धुळीत लोळते, परत येते. तेवढं उठू द्यावं.

इथवरचं थोडक्यात: पिल्लं रंगीबेरंगी निघाली कारण आया संकरित, त्या खुडूक बसत नाहीत त्याचंही कारण तेच, आणि पिल्लं कवचात मेली ती बहुधा पावसाळी दमटपणामुळे. तीनपैकी एकही गोष्ट खाद्य बदलून सुधारणार नाही.

आता कोंबडा.

आपल्या भागात आषाढ लागला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. गटारीच्या आधी आठ दिवस माणसं दारात येतात. त्यांना सगळ्यात भारदस्त कोंबडा हवा असतो, तुरा लालभडक, अंगाने भरलेला. कोकणातल्या कुणाला राखणेला, म्हणजे गावच्या राखणदार देवाला, द्यायचा असतो. भाव उत्तम मिळतो, आणि आपण देतो. मग उरतं कोण? जो कुणी घेतला नाही तो. वर्षभर वीस कोंबड्यांवर तोच फिरतो. असं दहा वर्षं झालं की लोक म्हणतात, गावठी कोंबडीत आता पूर्वीचा दम नाही. दम कुठून राहणार? तो दर आषाढात पातेल्यात जातो.

मी स्वतः यात फसले आहे. एका वर्षी मावळत्या उन्हाच्या रंगाचा, पावणेतीन किलोचा कोंबडा बाजूला ठेवला होता. त्याच्या आईला मी सहा वर्षं ओळखत होते. कधी आजारी पडली नाही, बसवली की दहातली नऊ पिल्लं काढायची. मी दोन दिवस मुलीकडे ठाण्याला गेले आणि दिरांनी तो १८०० रुपयांना देऊन टाकला. घरी आल्यावर त्यांनी नोटा हातात ठेवल्या तेव्हा त्यांना वाटलं मी खूश होईन. त्या कोंबडीचा दुसरा मुलगा मला पुन्हा मिळाला नाही.

म्हणून आता नियम असा. फेब्रुवारीत निघालेले कोंबडे आषाढात पाच महिन्यांचे होतात. ज्येष्ठातच, गिऱ्हाईक यायच्या आधी, मी सगळे तोलते आणि निवडते. निवडलेल्याच्या पायात रंगीत केबल टाय घालते; ज्याच्या पायात टाय, तो विकायचा नाही, घरात कुणीही असो. (टाय सैल ठेवा आणि महिन्याने बघा. वाढत्या पायात रुतून जखम झालेली मी पाहिली आहे.) नुसतं वजन बघत नाही. बोटं सरळ, छातीचं हाड वाकडं नाही, डोळे टपोरे, दाणा दिसला की कोंबड्यांना हाक मारतो, आणि आई खुडूक बसणारी. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. मुलगा स्वतः अंड्यांवर बसत नाही, पण मुलींना ती सवय त्याच्याकडूनही जाते. मानेवर पिसं नसलेला निघाला तर तो मी मुद्दाम ठेवते. दिसायला ओंगळ, म्हणून लोक नाकारतात, पण अंगावर पिसं कमी असल्याने आपल्या मे महिन्यात त्याला धाप कमी लागते. उलट्या पिसाचाही तसाच. फक्त तो दारात दिसला की भलतेच लोक भलत्याच कामासाठी मागायला येतात, ती कटकट वेगळी.

किती कोंबडे ठेवायचे? दहा कोंबड्यांना एक, हे अंडी फळण्यापुरतं ठीक. वंशासाठी ते पुरत नाही. याचा एक सोपा हिशेब आहे: चार गुणिले नर गुणिले माद्या, भागिले दोघांची बेरीज. एक कोंबडा आणि २० कोंबड्या म्हणजे ८० भागिले २१, जेमतेम चार. खुराड्यात २१ पक्षी दिसतात, पण वंशाच्या दृष्टीने ते चारच. दर पिढीला साधारण १३ टक्के रक्त जवळ येतं. सावत्र भावंडांची जोडी लावल्यासारखं. तीन-चार पिढ्यांत अंडी कमी फळू लागतात, पिल्लं वाकड्या बोटांची निघू लागतात. त्याच २० कोंबड्यांना सहा कोंबडे ठेवले तर आकडा साडेअठरावर जातो आणि रक्त पिढीला पावणेतीन टक्क्यांच्या आत जवळ येतं. पाच नरांचा जादा दाणा हा वंश टिकवण्याचा खर्च समजा.

सहा कोंबडे एकत्र ठेवले तर रक्तबंबाळ होतील. त्यासाठी तीन घराणी करा: लाल, निळं, पिवळं. प्रत्येकात सहा-सात कोंबड्या आणि दोन कोंबडे. एक आत, एक डालग्याखाली, आठवड्याने अदलाबदल. मुली आईच्याच घराण्यात राहतात. मुलगे पुढच्या घरी जातात: लालचे निळ्यात, निळ्याचे पिवळ्यात, पिवळ्याचे लालमध्ये. दर पिढीला हेच, याच क्रमाने. बाहेरून एकही पक्षी न आणता कित्येक वर्षं निघतात. एक लक्षात ठेवा, कोंबडा बदलला की तीन आठवडे त्या घराण्याची अंडी उबवायला घेऊ नका. जुन्या कोंबड्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं, आणि आपण वहीत नव्याचं नाव लिहून बसतो.

सुरुवातीचे पक्षी कुठून आणायचे? मी जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांवरून आणले, दोन-दोन, वेगवेगळ्या घरांतून. ज्या घरात पिल्लांची आई समोर फिरताना दिसेल तिथूनच घ्या. नंदुरबार-नवापूरकडची बुसरा ही गुजरात-महाराष्ट्राची नोंदणीकृत देशी जात आहे, चणीने छोटी. नंदुरबारकडे ओळख असेल तर तिचा विचार करा. आरे कॉलनीत केंद्र सरकारचं कुक्कुट विकासाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, बोरिवलीहून तुम्हाला जवळ. तिथे चौकशी करायला काहीच हरकत नाही. कडकनाथ हवा तर जरूर आणा, पण वेगळ्या कुंपणात. झाबुआच्या कडकनाथाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि मग जो तो काळी कोंबडी विकू लागला. तो काळेपणा संकरातही बराच उतरतो, त्यामुळे काळी कातडी म्हणजे शुद्ध वंश नव्हे. आणि त्याची अंडी काळी नसतात, फिकट बदामी असतात. काळी अंडी दाखवणाऱ्याकडून काहीच घेऊ नका. पिल्लं आमची, परत खरेदीही आमची, असं सांगणारा भेटला तर २०१९ मध्ये सांगलीकडे कडकनाथच्या नावाने शेतकऱ्यांची कशी फसवणूक झाली ते आठवा.

आणलेला पक्षी थेट खुराड्यात सोडू नका. मी सोडला होता, आठवडी बाजारातून आणलेले दोन कोंबडे. नवव्या दिवशी पहिली कोंबडी मान पिळवटून पडली, हिरवी हगवण, तोंड उघडून श्वास. मानमोडी, म्हणजे राणीखेत. ४४ पैकी ३१ गेल्या. आता नवीन पक्षी चार आठवडे दुसऱ्या टोकाला, वेगळं पाणी, वेगळी चप्पल. पिल्लांना पहिल्या आठवड्यात मानमोडीच्या लासोटा लसीचा थेंब, चौथ्याच्या सुमाराला पुन्हा, आठव्या आठवड्यात त्याच रोगाची आर टू बी लस. देवीची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून. बाटली बहुधा १०० डोसांची येते आणि उघडली की दोन तासांत संपवावी लागते, म्हणून आम्ही आळीतल्या सगळ्यांच्या कोंबड्या एकाच संध्याकाळी उरकतो. शेजाऱ्याची कोंबडी निरोगी असणं तुमच्याही फायद्याचं आहे.

बर्ड फ्लूला मात्र लस टोचून मोकळं होता येत नाही. २००६ मध्ये देशातला पहिला उद्रेक नवापूरलाच झाला. लागण सापडली की ठरावीक परिघातले सगळे पक्षी मारतात, तुमचा वंश किती जुना ते कुणी विचारत नाही. म्हणून माझं निळं घराणं माहेरी सफाळ्यालाही आहे. तुमच्या नात्यात वसई-पालघरकडे कुणी अंगणवालं असेल तर आतापासून गोड बोलून ठेवा.

खाद्याचं दोन ओळींत. उबवायची अंडी घेता त्या दिवसांत नुसत्या भातावर ठेवू नका, प्रथिनं लागतात. कोळीवाड्यातून बिनमिठाचा सुका जवळा आणा, मूठभर पुरे. खारवलेला नको, मीठ कोंबड्यांना मारतं, आणि जवळा फार झाला तर अंड्याला वास येतो. कालवांची शिंपलं कुटून ठेवा. मुंगसासाठी अर्ध्या इंचाची जाळी, जमिनीत वीतभर पुरलेली. पालिकेच्या वॉर्डात परवानगीचं विचारून घ्या. आणि पहाटे चारला आरवण्याबद्दल शेजाऱ्यांना वेळच्या वेळी अंडी पोचवत जा.

अंडी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बसवा, म्हणजे पाऊस येईपर्यंत पिल्लं अंगाने भरतात. जूनमधल्या ओल्या तुसावरच्या पिल्लांना रक्ती हगवण हटकून धरते. यंदा चार-पाच खात्रीच्या खुडूक कोंबड्या आणि तीन वेगळ्या घरांतले तीन कोंबडे एवढीच खरेदी करा. मशीन विकू नका. त्यात तुमच्या संकरित कोंबड्यांचीच १० अंडी लावून वजनाचा सराव करा, चुकलं तरी वंशाचं नुकसान नाही. न फुटलेली अंडी फोडलीत की नुसता बलक किती, रक्ताचं कडं किती, पूर्ण पिल्लू किती हे तीन आकडे कळवा, आणि आत्ता अंगणात कोंबडे किती आहेत तेही.